सोलापूरच्या उन्हातला गुलाबी

पत्र:

"ताई, नमस्कार. माझं वय 53, शाळेत शिकवते. वर्ण सावळा. जुळे सोलापुरात आमचं रो-हाऊस आहे. डिसेंबरात मुलाचा साखरपुडा आहे आणि त्याआधी घराला रंग द्यायचा आहे. गुलाबी रंग मला लहानपणापासून आवडतो, पण आजवर करड्या, बदामी, मेंदी रंगांतच दिवस गेले. आता वाटतं, साखरपुड्याला गुलाबी साडी घ्यावी आणि हॉलची एक भिंत गुलाबी करावी. सासूबाई म्हणतात, 'या वयात शोभतं का?' यांना गुलाबी शर्ट सुचवला तर म्हणाले, 'काय की, पोरींचा रंग.' रंगारी म्हणतो, 'मॅडम, ऑफव्हाइटच मारू, गुलाबी डोळ्यांत खुपतो.' मागच्या वर्षी एक फिकट गुलाबी साडी घेतली, ती नेसले की मी आजारी दिसते. त्यामुळे धीर होत नाही. हॉल पश्चिमेकडे आहे, फरशी क्रीम रंगाची, सोफा तपकिरी. काय करू?"

एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर:

ताई, साडी घ्या आणि भिंतही रंगवा. दोन्हींना माझा मनापासून होकार आहे.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ती मागच्या वर्षीची फिकट साडी. तिच्यामुळे तुम्ही अख्ख्या गुलाबीवरच फुली मारायला निघाला आहात. दोष त्या एका छटेचा आहे, आणि ती छटा ज्या उजेडात निवडली त्या उजेडाचा. लाल रंगात पांढरा मिसळत गेलं की गुलाबी होतो, हे आपण सगळ्यांनी चित्रकलेच्या तासाला केलेलं आहे. पांढरा जितका जास्त, तितका गुलाबी दुधाळ. सावळ्या चेहऱ्याशेजारी असा दुधाळ गुलाबी आला की चेहरा राखेसारखा निस्तेज वाटतो आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं उगाच वर येतात. रंग तोच ठेवून पांढरा कमी करा, चेहरा लगेच उजळतो. तुम्हाला हवेत ते गुलबक्षी, राणी, डाळिंबी.

या तिघांतही फरक आहे. गुलबक्षी जांभळ्याकडे झुकतो, संध्याकाळी अंगणात उमलणाऱ्या फुलाचा तो रंग. राणी त्याहून झगझगीत. डाळिंबी लालाकडे झुकलेला आणि जरा खोल; आपल्या जिल्ह्यातलं डाळिंब फोडल्यावर दाणे जसे दिसतात तसा. माझं मत विचाराल तर तुम्हाला पहिला नंबर डाळिंबीचा, दुसरा गुलबक्षीचा. राणी रंग अंगावर सुरेख दिसतो, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यात तो बऱ्याचदा भडकतो, नुसता रंगाचा गोळा येतो आणि काठाचं बारीक काम त्यात हरवतं. साखरपुड्याचे फोटो पुढं वर्षानुवर्षं बघितले जातात, म्हणून हे सांगते. अबोलीचा मोह झाला तर तोही बघा; नारंगीकडे झुकलेला असल्यानं सावळ्या वर्णाला तो फिकट असूनही चालून जातो.

आता दुकानात काय करायचं ते नीट ऐका. नवी पेठेत जा नाहीतर पूर्व भागात थेट विणकरांच्या दुकानात, पण जा सकाळी अकराच्या सुमारास. संध्याकाळी सात वाजता गेलात तर दिव्यांच्या उजेडात साडी निवडाल आणि घरी आल्यावर ती वेगळीच निघेल. दुकानातले पांढरेशुभ्र दिवे फिकट रंगाला तजेला देतात. तुमच्या त्या साडीचं तेच झालं असणार. आवडलेल्या साडीचा पदर खांद्यावरून पुढं घ्या, हनुवटीच्या खाली येऊ द्या आणि दुकानदाराला सांगून दारापर्यंत या. चांगला दुकानदार याला कधी नाही म्हणत नाही. थेट उन्हात उभ्या राहू नका, दाराच्या सावलीत उभ्या राहा. सोबत आलेल्या बाईला एकच विचारा: आधी काय दिसलं, साडी की मी? "तू" असं उत्तर आलं तर साडी बांधून घ्या. "साडी" असं आलं तर ती कितीही सुंदर असो, गठ्ठ्यात परत जाऊ द्या.

प्रकार कुठला घ्यावा? साखरपुड्यात दिवसभर उठबस असते, तुम्हाला सगळ्यांच्या पाया पडण्या-घेण्यात आणि ओट्या भरण्यात वेळ घालवायचा आहे, तेव्हा फार जड पैठणी नको. नारायणपेठ अंगाला हलकी, बारीक चौकडीची, काठ उठावदार, आणि आपल्या गावात ती नेसणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांची नजर तयार आहे. वाईट माल सहसा गळ्यात पडत नाही. डाळिंबी अंग आणि बाटली-हिरवा काठ मिळाला तर दुसरीकडे बघूही नका. धूपछाव बघा असंही सांगेन. उभा धागा गुलबक्षी आणि आडवा निळा किंवा हिरवा असला की साडी हलताना रंग बदलत राहतो. ज्यांना "एवढा भडक कसा नेसू" अशी धाकधूक असते त्यांच्यासाठी धूपछाव उत्तम, कारण त्यात गुलाबी एकसलग अंगावर येत नाही.

ब्लाउजवर मात्र वेळ घालवा. गुलाबी साडीवर गुलाबीच ब्लाउज ही सवय आपण सोडायला हवी. शेजारचा रंग बदलला की रंगच बदललेला दिसतो, हे तर विणकरांच्या गावात सांगायलाही नको. फ्रान्समध्ये गोबलँ नावाचा विणकामाचा मोठा कारखाना होता. तिथल्या रंगखात्यावर मिशेल यूजीन शेव्रूल हे रसायनशास्त्रज्ञ 1824 साली नेमले गेले. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. त्या काळ्या धाग्याशेजारी जे रंग विणले जात होते, त्यांच्यामुळं तो फिका भासत होता. पुढं 1839 मध्ये त्यांनी हा नियम सविस्तर मांडला. तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा की डाळिंबीशेजारी हिरवा आला की डाळिंबी आणखी खुलतो, केशरी आला की थोडा निळसर वाटतो, आणि पांढरा आला की गडद दिसतो. तेव्हा बाटली-हिरवा, मोरपंखी किंवा हळदी यांतला एक ब्लाउज. हळदी घेतलात तर दागिने सोन्याचे, मोरपंखी घेतलात तर मोती शोभतील. आणि एक फोन आधी करा: नवरी मुलगी कोणता रंग नेसणार आहे ते तिच्या आईला विचारा. दोघी एकाच छटेत आलात तर फोटोत मुलगी उठून दिसणार नाही, आणि तो दिवस तिचा आहे.

घेताना रुमाल जवळ ठेवा. पांढरा रुमाल पाण्यात भिजवून पिळा आणि साडीच्या आतल्या बाजूला, काठाजवळ, हलकेच घासा. रुमालाला रंग लागला तर त्या साडीचा रंग काठाला आणि परकराला लागणारच. घरी मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात. सुती कापड रंगवताना मीठ वापरतात हे खरं, रंग धाग्यात शिरायला त्याची मदत होते; पण कापड रंगवून बाजारात आल्यावर मिठानं कच्चा रंग पक्का होत नाही. रेशमी असेल तर ड्रायक्लीनिंग, सुती असेल तर पहिल्या दोन-तीन वेळा वेगळी धुवा, आणि वाळत घालताना उलटी करून सावलीत. आपल्या गच्चीवरचं ऊन गुलाबीचा वैरी आहे. एक उन्हाळा उन्हात वाळली की गुलबक्षीची वीटकरी झालीच म्हणून समजा.

"या वयात शोभतं का?" या प्रश्नाला मी बगल देणार नाही, कारण पत्रात तुम्ही तो एका ओळीत लिहिला असला तरी बाकी सगळं पत्र त्याच्याच भोवती फिरतं. सासूबाईंच्या पिढीत बाई मोठी होत गेली तसा तिनं एकेक रंग खाली ठेवायचा, अशी रीत होती. मुलीचं लग्न झालं की भडक हिरवा गेला, नातवंडं आली की लाल गेला. कुणी जबरदस्ती केली असंही नाही, सगळ्याजणी तसंच करत होत्या म्हणून त्यांनीही केलं. त्या तुम्हाला अडवताहेत त्यामागं काळजी आहे, लोकांनी सुनेला नावं ठेवू नयेत एवढीच. पण ताई, तुम्ही वरमाय आहात. साखरपुड्यात वरमाईला मान असतो, ती चारचौघांत उठून दिसावी अशीच अपेक्षा असते. त्या दिवशी बदामी नेसून कोपऱ्यात बसलात तर उलट लोक विचारतील, बाई नाराज आहेत की काय. आणि खोल डाळिंबी हा काही पोरवयाचा रंग नाही. तो नेसायला उंची हवी तशी थोडी वयाची बैठकही हवी. पंचविशीतल्या मुलीवर तो कधीकधी पोक्त वाटतो, तुमच्यावर तो बसेल. शक्य असेल तर साडी घ्यायला सासूबाईंनाच सोबत न्या. वर सांगितलेला प्रश्न त्यांनाच विचारा. दुकानाच्या दारात, उजेडात, सुनेचा चेहरा उजळलेला त्यांनी स्वतः बघितला तर घरी येऊन वाद घालायला काही उरत नाही. आणि त्यांच्यासाठीही एक बघा. फिकट अबोली, बारीक जरीकाठ. घेतील न घेतील, पुढ्यात ठेवून तर बघा.

भिंतीकडे येते. इथं मात्र मी तुमच्या रंगाऱ्याला अर्धं बरोबर म्हणेन. मिठाईच्या खोक्यावर असतो तसला गोड गुलाबी पश्चिमेच्या हॉलमध्ये चारी भिंतींना मारला तर तो डोळ्यांत खुपतोच. कारण सोपं आहे. एका भिंतीवरून उजेड दुसरीवर पडतो, दुसरीवरून तिसरीवर, आणि दर वेळी रंग अधिक तीव्र होत जातो. त्यात तुमची फरशी क्रीम रंगाची, चकचकीत, म्हणजे खालूनही तोच उजेड परततो. आणि आपल्याकडं मार्चपासून पारा चाळिशीकडे धाव घेतो. दुपारी तीन ते सूर्यास्त या वेळात अशा खोलीत बसणं नकोसं होईल.

तुम्हाला हवा तो गुलाबी मातकट आहे, ज्यात गेरूचा किंवा करड्याचा अंश असतो. जयपूर आठवा. 1876 साली ब्रिटनचे युवराज येणार म्हणून शहर रंगवलं गेलं आणि तेव्हापासून ते गुलाबी शहर म्हणून ओळखलं जातं, पण जवळ जाऊन भिंतीवर हात ठेवला तर तो रंग गेरूकडे झुकलेला दिसतो. म्हणूनच राजस्थानच्या त्या कडक उन्हातही तो रंग सोसवतो. शेडकार्डावर गुलाबीची पट्टी बघू नका. तपकिरी आणि वीटकरी पट्ट्यांची वरची, फिकट टोकं बघा. तुमचा रंग तिथं सापडेल. आणि तपकिरी सोफ्याशी त्याचं आपोआप जुळेल, कारण दोघांत गेरू आहे.

कुठली भिंत? खिडकीच्या समोरची नको. तिच्यावर संध्याकाळचं ऊन थेट पडतं, गुलाबी नारंगी दिसू लागतो आणि काही वर्षांत सोफ्यामागचा पट्टा आणि मोकळा भाग यांत फरक पडतो. खिडकीला काटकोनात असलेली भिंत घ्या. तिथं ऊन घासून जातं, रंगाला उतार-चढाव मिळतो. टीव्ही ज्या भिंतीवर आहे तीही सोडा. चित्राशेजारी रंगीत भिंत डोळ्यांना दमवते. उरलेल्या भिंती आणि छत पांढरं, पण निळसर पांढरं नको, किंचित पिवळट.

रंगाऱ्याला डबा उघडू देण्याआधी नमुना मारून घ्या. कार्डावरचा चौकोन बोटाएवढा असतो, त्यावरून भिंत ठरवता येत नाही. निदान दोन फूट बाय दोन फुटाचा तुकडा, खाली पांढरा प्रायमर, वर दोन हात. जुन्या पिवळ्या भिंतीवर सरळ मारला तर खालचा पिवळा डोकावतो आणि नमुना फसवतो. ओला असताना बघून हो-नाही ठरवू नका, वाळला की बहुतेक रंग थोडा गडद होतो. मग पूर्ण एक दिवस त्याच्यासोबत राहा: सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी सहाला आणि रात्री दिवे लावून. एकाच भिंतीवर तुम्हाला चार रंग दिसतील. दुपारी आणि रात्री जो पसंत पडेल तोच घ्या, कारण हॉलमध्ये माणसं त्याच वेळी बसतात. रंग मॅट घ्या, चकाकणारा नको, पण पुसता येईल असा. आपल्या गावची धूळ तुम्हाला माहीत आहे.

रात्रीच्या उजेडाचं थोडं जास्त सांगते, कारण तिथंच बहुतेकांची गुलाबी भिंत बिघडते आणि दोष रंगाऱ्यावर जातो. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा, म्हणजे उजेड पिवळा की निळसर ते सांगणारा, आकडा छापलेला असतो. आपल्या घरोघरी असतो तो 6500 चा, निळसर पांढरा. त्याखाली मातकट गुलाबी जांभळट आणि थंड दिसतो. 2700 ते 3000 चा बल्ब पिवळा, त्याखाली तोच रंग पीचकडे जातो. 4000 च्या आसपासचा घ्या, रंग आहे तसा राहतो आणि वहीही तपासता येते. आधी बल्ब बदला, मग नमुना बघा. उलट केलंत तर परत पहिल्यापासून.

पडदे गुलाबी करू नका, हा माझा ठाम आग्रह. पश्चिमेच्या खिडकीत ते सगळ्यात आधी विटतात. जाड सुती, ऑफव्हाइट, आतून अस्तर लावलेले शिवून घ्या. रंगाऱ्याचा ऑफव्हाइट असा कामी येईल.

भिंतीला सोबत म्हणून दिवाणावर आपली सोलापुरी चादर टाका. पाहुणे आले की ती आत ठेवून बाहेरगावचं मखमली काही अंथरायचं, ही पद्धत मला पटत नाही. जॅकार्ड मागावर विणलेल्या चादरीची गंमत अशी की एका बाजूला गडद जमिनीवर फिकी नक्षी असते आणि पालथी केली की फिक्या जमिनीवर गडद. हिरवा-गुलाबी किंवा मरून-गुलाबी जोड शोधा. उन्हाळ्यात फिकी बाजू वर, डिसेंबरात गडद. एका चादरीत दोन हंगाम निघतात, खोलीचा रंग बदलतो आणि साबण-पाण्याचा खर्चही कमी. सोफ्यावर दोन मोरपंखी उशा. बस. भिंत, चादर आणि उशा यांपलीकडं फुलदाणी, घड्याळ, पायपुसणं असं काहीही गुलाबी आणू नका. एकदा आवडीचा रंग घरात शिरला की हात थांबत नाही, आणि मग खोलीत तोच तो दिसायला लागतो.

राहता राहिले तुमचे यजमान. 1918 साली अमेरिकेतल्या मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकानं लिहिलं होतं की गुलाबी मुलांसाठी आणि निळा मुलींसाठी, कारण गुलाबी अधिक ठसठशीत. "गुलाबी म्हणजे मुलींचा" ही वाटणी नंतरची, तिकडच्या बाजारानं घट्ट केलेली. आपल्याकडं तर पुरुष गणपतीच्या मिरवणुकीत डोक्यापासून पायापर्यंत गुलालात न्हाऊन येतात, लग्नात गुलाबी फेटे बांधतात, निवडणूक जिंकली की तोच रंग कपाळभर लावून गल्लीभर फिरतात. त्यांना हे सांगा, पण वाद घालू नका, कापड दाखवा. उभा धागा गुलाबी आणि आडवा पांढरा असं सुती कापड मिळतं. लांबून ते फिकट दिसतं, जवळून त्यात धाग्यांची बारीक चमक असते, एकरंगी सपाट गुलाबीपेक्षा ते पुरुषांना पटकन आवडतं. खाली नेव्ही निळी किंवा गडद करडी पँट. काळी नको. घामाचाही विचार करा: मध्यम गुलाबीवर घामाचे डाग सगळ्यात जास्त दिसतात, अगदी फिक्यावर कमी. डिसेंबरात प्रश्न नाही, पण तोच शर्ट एप्रिलमध्येही घालायचा आहे.

एकच घाई करा. रंगाऱ्याला आत्ताच गाठा. दसरा उलटला की दिवाळीपर्यंत तो कुणाच्या हाती लागत नाही. शर्टाचं आणि ब्लाउजचं कापडही दिवाळीआधी शिंप्याकडं पडू द्या, कारण तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि मग ब्लाउज "परवा देतो" वर अडकतो.